एका पायावर तयार

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठ अंगांनी, त्यातले गुडघे सध्या संपावर आहेत, तेव्हा सातच धर.) तुझा रक्तदाब ताब्यात असेल, चष्मा सापडला असेल आणि पाण्याच्या मोटरवरून खालच्या शेजारणीशी चाललेलं युद्ध तुझ्या बाजूने झुकलं असेल, अशी आशा करतो. इकडे मी ठीक. खरं तर फोनवरच बोललो असतो, पण हल्ली तुझा फोन नुसता वाजतो आणि वाजून वाजून दमतो. फोन बिघडला असणार असं मी धरून चाललोय. (बिघडला नसेल तर मला कळवू नकोस.) म्हणून पत्र. पत्राचा फायदा असा की ते खाली आपटता येत नाही. म्हणजे आपटता येतं, पण ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहतं, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, दुसऱ्या चहापर्यंत तू ते उचलशीलच. आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मला तुझ्याकडे काहीही मागायचं नाही. फक्त झालेली हकीगत सांगायची आहे, आणि ती तुझ्याशिवाय सांगायची कोणाला?

तर टिटवीच्या सासरच्या मंडळींशी माझं पहिलं बोलणं झालं. (होणाऱ्या सासरच्या म्हणायचं, हे मला कळतं. पण टिटवी लेक माझी असली तरी हट्ट तिने तुझा उचललाय, तेव्हा ‘होणाऱ्या’ची आता गरज नाही.) मुलगा तिच्या परदेशातल्या कचेरीतला, तिथलाच, शांत, लांबट चेहऱ्याचा. वडील लाकडी जिने बनवतात. आई नर्स होती, आता घरी असते. माणसं साधी, पण बोलतात इंग्रजीत. त्यांचा दोष नाही, लहानपणापासूनची सवय. व्हिडिओ कॉलवर समोर ते तिघं आणि टिटवी, चौघंही एका सोफ्यावर दाटीवाटीने बसलेली, आणि इकडे मी एकटा, पासपोर्टच्या फोटोला बसतात तसा. व्याह्यांनी पुढे वाकून, एकेक शब्द सुटा करून मला विचारलं की या लग्नाबद्दल तुम्हाला काय वाटतं. मी मनापासून उत्तर दिलं. मी म्हणालो, “ओके. नॉट बॅड. नो ऑब्जेक्शन.”

अक्का, आपल्या घरात याच्या वरचं कौतुकच नव्हतं, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी पहिल्या वर्गात पास झालो तेव्हा वडील म्हणाले, “वाईट नाही.” तू नोकरीला लागलीस, “वाईट नाही.” जेवून हात धुताना ते “वाईट नव्हतं” म्हणाले की आई दिवसभर गुणगुणत भांडी घासायची. आपण दोघांनी त्या दोन शब्दांसाठी किती जिवाचं रान केलं! पण तो शिक्का त्या मुलखात चालत नाही. तिथे ‘नॉट बॅड’ म्हणजे नाइलाज, आणि ‘नो ऑब्जेक्शन’ म्हणजे गच्चीवर पाण्याची टाकी बसवायला सोसायटीने दिलेली परवानगी. विहीणबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मुलीच्या बापाला आपला मुलगा पसंत नाही, बिचारा भिडेखातर गप्प बसलाय, असं त्यांच्या मनाने घेतलं. संध्याकाळी टिटवीचा फोन.

“बाबा, तुम्ही नॉट बॅड म्हणालात!”

“मग? नाहीच आहे वाईट.”

“आणि ते लोक मला सून म्हणून बघून नॉट बॅड म्हणाले असते तर?”

मी म्हणणार होतो की मला बरंच वाटलं असतं, पण तिचा आवाज तसा नव्हता. तू तिला ओळखतेस. ओरडते तोवर काळजी नाही, आवाज बारीक झाला की आपण उठून उभं राहायचं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, “शिकतो.” ती म्हणाली, “काय शिकता?” मी म्हणालो, “इंग्रजीत आनंदाने हो म्हणायला. पुढच्या कॉलच्या आत.” आणि अक्का, मी एकदा ठरवलं की ठरवलं. (आपल्या दोघांत जास्त हट्टी कोण हा वाद आपण लहानपणीच अर्धवट सोडला, कारण दोघंही मागे हटेनात.)

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. परदेशचे फोन जोडून द्यायच्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून जिन्यात सगळे त्यांना एक्सचेंजबाई म्हणतात. आवाज असा की त्यांनी “दूधवाला आला” म्हटलं तरी कुठल्या तरी राजदूताचं आगमन झाल्यासारखं वाटतं. मी कामावरून परतताना त्यांच्या दारात उभा राहिलो आणि अडचण सांगितली. त्यांनी औषधाच्या दुकानात विचारतात तसं विचारलं, “आनंद किती झालाय?” मी गोंधळलो. आनंद झाला की झाला, त्यात किती काय? त्या म्हणाल्या, “असं नसतं. चहाला बोलावलं तर डिलायटेड. बढती मिळाली तर थ्रिल्ड. आणि मुलीचं लग्न ठरलं तर ओव्हर द मून.” म्हणजे चंद्राच्याही वर. मी म्हटलं, मला दोन मजले चढून दम लागतो, मधला एखादा नाही का? नाही म्हणाल्या. लग्नाला हाच.

मग रोज संध्याकाळी त्यांच्या गॅलरीत माझी शिकवणी सुरू झाली. त्या कपडे वाळत घालायच्या आणि मी चिमटे देत घोकायचो. कोणी काही देऊ केलं आणि आपण ते झटक्यात घेतलं तर ‘जंप ॲट’, म्हणजे त्याच्यावर उडी. कोणाला प्रेमाने घरात घेतलं तर ‘विथ ओपन आर्म्स’, दोन्ही हात पसरून. कौतुक ऐकून गुदगुल्या झाल्या तर ‘लॅप अप’, मांजर बशीतलं दूध लपालपा चाटतं तसं. आणि शेवटी ‘हुक, लाइन अँड सिंकर’. याचा अर्थ गळ, दोरी आणि दोरीला बांधलेलं शिसं. मासा इतका आतुर की त्याने आमिषाबरोबर हे सगळंच गिळून टाकलं. याच्यापुढे बाई बोट उगारून आणखी काही सांगत होत्या, पण तेवढ्यात आत किटलीने शिट्टी मारली आणि त्या धावल्या. मला पुढचं ऐकायची गरजही वाटली नाही. ज्याने पानात दोरीसुद्धा टाकली नाही, त्याच्याहून मनापासून कोण काय स्वीकारणार?

तुला वाटेल या वयात हे जड गेलं असेल. उलट! मी सगळा जन्म कवळ्या बनवण्यात घालवला. लोकांची तोंडं हाच माझा धंदा. आणि माझ्या लक्षात आलं की इंग्रजांचा आनंद राहतो तोंडातच: चाटतात, गिळतात, चावतात, चघळतात. आमच्याच खात्यातले लोक. आपला आनंद राहतो पायांत. आपले पाय जमिनीवर ठरत नाहीत, आपण नाचतो, बागडतो, उड्या मारतो. पण ते ‘जंप’ही करतात, म्हणजे पायांचंही त्यांना वावडं नाही. (हा मुद्दा ध्यानात ठेव. पुढे जो घोळ झाला तो मूर्खपणाने झालेला नाही, शुद्ध तर्काने झालेला आहे.)

नुसतं घोकून भाषा येत नाही, वापरावी लागते, असं बाई म्हणाल्या. म्हणून मी वापरायला लागलो. पहिला बळी दातांचे एक डॉक्टर. आमच्या लॅबकडून कवळ्या करून घेणाऱ्या डॉक्टरांपैकी हे सगळ्यात तापट. ते कवळी हातात नाचवत आले आणि इंग्रजीत कडकडले, की ही ढिली आहे, पेशंट शिंकला आणि कवळी समोरच्या माणसाच्या चहात पडली, असलं काम तुम्ही करताच कसं. मी हसऱ्या चेहऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणालो, “थँक यू, डॉक्टर. आय लॅप इट अप.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, कवळीकडे बघितलं, आणि आवाज एकदम मऊ करून विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना, झोप लागते ना. मग स्वतःच कवळी टेबलावर ठेवून, सावकाश करा म्हणून हळूच निघून गेले. आता ते माझ्याशी फार जपून बोलतात. तेव्हा विद्या फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

दुसरा प्रसंग मालकांचा. आमचे मालक रागावतात मराठीत आणि नकोसं काम सांगायचं असलं की इंग्रजीत शिरतात. एके सकाळी दारात उभे राहून म्हणाले की एका वृद्धाश्रमातल्या सगळ्यांच्या कवळ्या आपण साफ करून, पॉलिश करून द्यायच्या आहेत, कोण जाईल? सगळी लॅब एकदम कामात बुडाली. प्लास्टर कालवणारा तर भांड्यात असा डोकावायला लागला की जणू तळाशी कोणी नातेवाईक दिसतोय. आणि मी, मालकांचं वाक्य संपायच्या आत, “सर, आय जंप ॲट इट! विथ बोथ हँड्स!” मालक इतके दचकले की त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा उडी मारली.

वृद्धाश्रमात गेलो, कवळ्या गोळा केल्या. प्रत्येक कवळी वेगळ्या वाटीत आणि वाटीवर नाव, हा आमच्या धंद्यातला श्रीगणेशा. पण मी मनातल्या मनात ‘ओव्हर द मून, ओव्हर द मून’ घोकत होतो, आणि घोकता घोकता मी सगळ्या एकाच टबात सोडल्या. भानावर आलो तेव्हा त्या पाण्यात लखलखत एकमेकींना हसत होत्या. मलाही हसत असाव्यात. पुढची अख्खी दुपार, अक्का, मी जो घाम गाळला! आजी-आजोबांना ओळीने खुर्च्यांवर बसवलं, औषधात बुडवून निर्मळ केलेली एकेक कवळी घेऊन कोणाच्या तोंडात कोणती शोभते ते बघत फिरलो. एक आजोबा म्हणाले, “लग्नं जुळवताय की काय?” शेवटी सगळ्यांना आपापले दात मिळाले, फक्त दोन जणांचे बदलले. एक माजी हेडमास्तर आणि एक गाणं शिकवणाऱ्या बाई. हेडमास्तरांच्या तोंडात बाईंची कवळी गेली. (हे कोणा डॉक्टरला सांगू नकोस. शास्त्रात हे बसत नाही, तोंडात मात्र बसली.) त्यांनी आरशात बघितलं आणि ते हसले. हसले म्हणजे इतके, की तिथली काम करणारी बाई हातातला झाडू टाकून आली. गुरुजींना हसताना तिथे कोणी बघितलंच नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या कवळीचे दात झिजून आखूड झालेले, त्यामुळे तोंड कायम खाली वळलेलं, जणू पोरांनी गृहपाठ केलेला नाही.

मी म्हटलं, “गुरुजी, हे तुमचे नव्हेत. तुमचे हे इकडे आहेत.”

“ते कोणाचे आहेत मला माहीत नाही,” गुरुजी म्हणाले. “माझे हे.”

मी विनवण्या केल्या, मागच्या बाजूची खूण दाखवली, काही उपयोग नाही. शेवटी गाणंवाल्या बाईच तोंडावर पदर धरून म्हणाल्या, “राहू देत हो त्यांच्याकडे. माझ्या तोंडात कुठे ते एवढे हसत होते?” मी आता सुट्टीच्या दिवशी बाईंसाठी नवी कवळी करतोय. गुरुजी रोज लॅबवर येऊन प्रगती विचारतात. कशासाठी, कोण जाणे.

असो. विषय भरकटला. दुसऱ्या कॉलचा रविवार उजाडला. मी गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि या वेळी कॅमेऱ्यापुढे हसरा चेहरा आधीपासूनच लावून बसलो. एक्सचेंजबाई त्यांच्या नजरेत येणार नाहीत अशा बेताने कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. ठरलं असं की मी अडलो तर त्यांनी ओठ हलवायचे आणि चुकलो तर हात वर करायचा. समोर पुन्हा तोच सोफा, तीच चौघं. व्याह्यांनी बिचाऱ्यांनी नुसतं “हाऊ आर यू” विचारलं.

“आय ॲम ओव्हर द मून!” मी गरजलो. विहीणबाईंच्या हातातला कप हिंदकळला. मी थांबलो नाही. “युअर सन, आय वेलकम विथ ओपन आर्म्स! आय जंप ॲट युअर सन!” जावईबापू सोफ्यावर जरा मागे सरकले. “आय लॅप हिम अप!” बाईंचा हात वर गेला. मला वाटलं, शाबासकी. अंगात दहा हत्तींचं बळ आलं आणि मी भात्यातला शेवटचा बाण सोडला. “आय स्वॉलो युअर सन! हुक, लाइन अँड सिंकर!” बाईंचे दोन्ही हात वर. (नंतर कळलं की ते फसलेल्या माणसाबद्दल म्हणतात, थाप पचवली अशा अर्थी. किटलीपायी मी त्यांच्या मुलाला तोंडावर थाप म्हणालो होतो.) मग विहीणबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, त्यांनी चष्मा काढून टिटवीच्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा हसल्या. व्याह्यांनी टेबलावर असा हात आपटला की चित्र हललं. विहीणबाईंना बोलता यायला लागलं तेव्हा त्या म्हणाल्या की गप्प बसणाऱ्या माणसाची मला भीती वाटली होती, मुलाला गिळणारा परवडला. टिटवीने दोन्ही हातांत चेहरा झाकला होता, पण तिचे खांदे गदगदत होते. अक्का, ती आनंदात होती. एवढ्या लांबूनही मला दिसत होतं.

इथे थांबलो असतो तर पत्र इथेच संपलं असतं. पण व्याह्यांनी पुढे वाकून, आवाज खाली आणून विचारलं, “अँड युअर सिस्टर?”

टिटवीने त्यांना तुझ्याबद्दल सगळं सांगितलेलं आहे. तिची आई गेली तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती, तू तिला उचलून घरी नेलंस ती तिथेच वाढली, तिच्या केसांत उवा झाल्या तेव्हा तिला एकटं वाटू नये म्हणून तू स्वतःचेही केस कापलेस, हे सगळं. तुझा तो आखूड केसांचा फोटो त्यांच्या फ्रिजवर लावलेला आहे. प्रश्न आला तशी टिटवीने चेहऱ्यावरचे हात काढले आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं तू बघितलं असतंस तर बरं झालं असतं. मी काय सांगायला हवं होतं ते सोड. मी काय सांगितलं ते सांगतो. मी छाती पुढे काढून आपल्या भाषेतली सगळ्यात पक्की तयारी त्यांच्या भाषेत ठेवली.

“माय सिस्टर? माय सिस्टर इज रेडी! ऑन वन लेग!”

विहीणबाईंचा हात छातीशी गेला. जावईबापूंनी टिटवीकडे बघितलं, टिटवीने छताकडे. व्याही कामाचा माणूस, त्यांनी गंभीरपणे विचारलं, “व्हिच लेग?”

मला त्यांचं कौतुक वाटलं. काय आस्थेने विचारतो माणूस! मी म्हणालो, “एनी लेग!”

एक्सचेंजबाईंनी डोळे मिटून घेतले. कॉल संपल्यावर मी विचारलं की अहो, हात का नाही वर केलात? तर म्हणाल्या, “मी जन्मभर दुसऱ्यांचे कॉल जोडले. मधे बोलायची आम्हाला परवानगी नव्हती. आणि खरं सांगू? पुढे काय होतं ते मला ऐकायचं होतं.”

पुढे झालं ते असं. दोन-तीन दिवसांनी टिटवीचा फोन आला. ती कामावरून सुटून सासरी गेली होती, आपला बाप काय म्हणाला ते नीट समजावून सांगायला. तर घराच्या दारातल्या पायऱ्या अर्ध्या उखडलेल्या. आयुष्यभर लोकांना जिने बांधून देणारा तो माणूस स्वतःच्या दारातला जिना काढून चाकाची खुर्ची जाईल असा लाकडी उतार बसवत होता. उतार फार खडा होतो म्हणून त्याने तो एकदा उकलून पुन्हा लांबवला होता. आत विहीणबाईंनी त्यांची खालची खोली रिकामी केली होती, त्या आपलं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर घेऊन गेल्या होत्या. न्हाणीघरात धरायला दांडी लावली, पलंगाची उंची वाढवली. का, कसं, आधी का नाही सांगितलं, अशा एका शब्दाने कोणी तिला विचारलं नाही. टिटवी म्हणाली, “बाबा, मी सांगायला तोंड उघडलं. पण ते रंधा मारत होते आणि शीळ घालत होते. नाही सांगवलं. आता तुम्हीच सांगा.”

मी महिनाभर चिमटे देत देत आनंदाने हो म्हणायचे शब्द गोळा करत होतो, चंद्राच्या वर जाऊन बसलो होतो, आणि त्या माणसाने काही न बोलता करवत उचलली होती. माझ्या लेकीला माणसं चांगली मिळाली, अक्का. वाईट नाही, असं मी म्हणणार नाही. फार चांगली मिळाली.

एवढीच हकीगत. प्रकृतीला जप, गोळ्या वेळेवर घे आणि मोटरचं भांडण सोडू नकोस, बाजू तुझीच खरी आहे. लहान आहे म्हणून सांभाळून घे, नाही तर निदान तुझ्याहून टक्कल मोठं आहे म्हणून तरी.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं पत्र इथून सुरू होतं. तू एका पायावरच काय, दोन पायांवरही तयार नाहीस, हे मला माहीत आहे. तुझ्या शेवटच्या फोनमधलं वाक्य माझ्या कानात आहे: “मला मेलीला तिथलं काय कळणार? कॅलेंडरसारखी भिंतीला लटकून राहू? तुमचं तुम्ही होऊ द्या.” आणि फोन आपटलास. मी ते कोणाला सांगितलं नाही, पण टिटवीला ते न सांगता कळलंय. लग्नाच्या नोंदणी कचेरीत सह्या करायची तारीख तिने अजून घेतलेली नाही. मुलाने विचारलं की म्हणते, आत्याला विचारून सांगते. आता भाषेचं म्हणशील, तर मी जे इंग्रजी बोललो ते वाचून तुझी तरी भीती जायला हवी. याहून वाईट तू काय बोलणार? शिवाय विहीणबाईंनी टिटवीकडून आपल्या भाषेतले दोन शब्द शिकून घेतलेत, तुझ्यासाठी. “या, बसा.” दिवसभर घोकतात. टपाल घेऊन येणाऱ्याला म्हणतात, मांजराला म्हणतात. त्यांना कोणी दाद देत नाही, पण व्याही प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून येतात आणि बसतात. अक्का, मला तुझ्याकडे काही मागायचं नाही असं मी वर लिहिलंय ते खोटं आहे. तू ये. माझ्यासाठी नको येऊस, माझ्यावर राग आहे तो तिकडे घेऊन ये हवं तर. पण त्या पोरीने सही करताना मान वर केली की तू दिसायला हवीस.

ता. क. दुसरं, पाकीट चिकटवताना. आत्ताच तुझा फोन येऊन गेला. (म्हणजे बिघडलेला नव्हता. मी काही बोलत नाही.) टिटवीने तुला कसलासा फोटो पाठवलाय, त्यात तो माणूस दारात काय ठोकतोय, असं तू विचारलंस. मी म्हणालो, उतार. तू म्हणालीस, कोणासाठी? मी म्हणालो, तुझ्यासाठी. मग पलीकडे तुझ्या कपाटाचं दार करकरलं. आणि तू विचारलंस, “तिथे स्वेटर जाड लागेल की पातळ?” मी म्हणालो, जाड. तू म्हणालीस, “बरं.” आणि ठेवलास.

आता खरं तर हे पत्र फाडायला हवं. पण उतार कशासाठी, हे तू विचारलंच नाहीस आणि माझी सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून पाठवतोय. तर एकच मागणं उरलं. व्याह्यांनी फार मेहनतीने बनवलाय गं तो. तेव्हा गाडीतून उतरलीस की दारापर्यंत थोडी लंगडत चल. दारापर्यंतच. आत गेल्यावर मी सगळं खरंखरं सांगून टाकणार आहे, एक्सचेंजबाई माझ्याकडून ते इंग्रजी रोज संध्याकाळी बसवून घेतायत. पाय कोणताही चालेल.